बावीस काटक्या

१

त्या तिसऱ्या सकाळी आपण चुलीच्या नेमक्या कुठल्या बाजूला बसलो होतो, हे प्रोफेसरांना छातीठोकपणे सांगता येत नसे.

बाकी सगळं आठवत होतं, निदान आठवतंय असं वाटत होतं. तळ्यावर कमरेइतकं धुकं होतं. ताईच्या कानांवरून तिच्या मुलीचा लाल मफलर गुंडाळलेला होता. घड्याळात आठ वाजून गेले होते. पण बसायच्या जागेपाशी आलं की आठवण अडखळे. कधी ते चुलीच्या तोंडाशी, बुटक्या स्टुलावर बसलेले दिसत, तर कधी चुलीच्या पाठीमागे, गवतात.

आयुष्यभर विद्यापीठात उष्णतेचं शास्त्र शिकवलेला हा माणूस. आधी मोजा, मग तोंड उघडा, असं पोरांना चाळीस वर्षं सांगत आला. आणि आता स्वतःचं बूड कुठे टेकलं होतं तेवढं सांगता येईना.

भाची एकदा म्हणाली होती, "मामा, पुढे बसलात काय नि मागे बसलात काय, सूप तर झालं ना?"

झालं होतं. पण फरक पडत होता. ते पुढे बसले असतील, तर प्रश्नच मिटला: म्हातारा माणूस, मोजता मोजता चुकला, विषय संपला. मागे बसले असतील, तर... इथवर विचार आला की प्रोफेसर उठून चहाचं आधण ठेवत. गॅसवर. गॅस मोजावा लागत नाही.

२

ती चूल ताईच्या यजमानांनी केलेली. प्रोफेसर त्यांना भाऊजी म्हणत. भाऊजी पत्र्याचं काम करायचे. नळकांडी, पन्हाळी, धुराडी. शिक्षण बेताचं, पण हातात मापाची पट्टी जन्मतःच असावी असा माणूस. एका मोठ्या डब्यात एक लहान डबा बसवून, दोन्हींना भोकं पाडून त्यांनी ही चूल बनवली होती. पिशवीत मावेल एवढी. दोन भिंतींमधून तापलेली हवा वरच्या भोकांतून आत येई आणि धुरालाच पेटवून देई, त्यामुळे डोळे चुरचुरत नसत. पुढच्या बाजूला काटक्या घालायला चौकोनी तोंड होतं आणि तोंडाबाहेर पत्र्याची जीभ. काटकी जिभेवर टेकवायची आणि जळेल तशी आत ढकलायची.

एवढ्याशा चुलीला मोठं लाकूड चालत नाही. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब अशी काटकी लागते, आणि तीही सतत. कुणीतरी तोंडाशी बसून भरवावंच लागतं. म्हणून भाऊजींनी तिचं नाव ठेवलं होतं खादाड, आणि मेहुण्याचं शंकेखोर. "आमच्याकडे एक खादाड आणि एक शंकेखोर," ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. "एकाला काटक्या घाला, दुसऱ्याला उत्तरं घाला. दोघांचंही पोट भरत नाही."

चुलीच्या पाठीमागे त्यांनी दोन बोटं रुंदीची एक फट कापून तिला अभ्रकाचा तुकडा बसवला होता. आतला जाळ कसा चालतो ते प्रोफेसरांना पाहायचं असे म्हणून. "घ्या, तुमच्या शंकेला खिडकी करून दिली."

दरवर्षी थंडी सुरू झाली की तीन दिवस सगळे तळ्याकाठच्या लाकडी केबिनमध्ये राहायला जात, आणि दरवर्षी तोच प्रयोग होई. एक लिटर तळ्याचं पाणी, तेच पातेलं, आणि उकळायला किती काटक्या लागतात ते मोजायचं. भाऊजी तोंडाशी, प्रोफेसर खिडकीपाशी घड्याळ आणि वही घेऊन, ताई सूप ढवळायचा डाव हातात धरून दोघांची टिंगल करायला. भाऊजी भरवत असले की बावीस. कधी तेवीस, क्वचित चोवीस. बावीसच्या खाली एकदाही नाही. वहीत एकतीस वर्षांचे आकडे होते.

भाऊजींची भरवायची पद्धत ठरलेली. काटकी पत्र्यावरून ढकलायची, खर्र, आणि मग बोटाच्या पेराने तिच्या टोकावर एक टिचकी, टक. राख झडावी म्हणून. खर्र, टक. मोळीची दोरी सुटली की ती लगेच स्टुलाच्या पायाला गुंडाळून ठेवायची. निळी नायलॉनची दोरी. "काटक्या रानात मिळतात. दोरी मिळत नाही."

स्टूल केबिनमधलंच. त्याचे पाय भाऊजींनीच कापून बुटके केले होते, केबिनच्या राखणदाराला विचारून, पण कापून झाल्यावर विचारून.

३

भाऊजी गेले ते वसंतात. पुढच्या थंडीपर्यंत ताईचं वजन एकेचाळीस किलोवर आलं.

भाची रुग्णालयात नर्स होती, तिला फोनवर रडायची सवय नव्हती. ती म्हणाली, "मामा, सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणतात पोटात काही नाही. नसेलच, कारण ती पोटात काही घालतच नाही. दोन चमचे खाते आणि ताट सरकवते. गॅससुद्धा पेटवत नाही. म्हणते, कुणासाठी? असंच चाललं तर वसंत बघायची नाही ती."

"मग मी काय करू?"

"तळ्यावर नेऊ या तिला. खादाड घेऊन. तिथे ती नेहमी खायची."

प्रोफेसरांच्या मनात लगेच सतरा शंका. थंडी बाधली तर? तिथे गेल्यावर आठवणींनी आणखी खचली तर? तीन तासांचा रस्ता. पण एकेचाळीस हा आकडा होता, आणि आकड्याशी त्यांना वाद घालता येत नसे.

केबिन होतं तसंच होतं. दोन मजली पलंग, एक खिडकी, खिडकीत मेलेल्या माश्या, कपाटामागे ते बुटकं स्टूल. ताईने स्टुलाकडे पाहिलं नाही. ती पलंगावर बसली, कोटासकट.

"ताई, तू नुसती बस. चूल मी पेटवतो," प्रोफेसर म्हणाले.

"तू?" ताईने मान वर केली. "मग मी इथे बसत नाही. लांब, पाण्यात जाऊन उभी राहते."

भाची तोंड फिरवून हसली. आठ महिन्यांतला आईचा तो पहिला टोमणा होता.

चूल तळ्याच्या कडेला, सपाट दगडावर ठेवायची. तिचं तोंड नेहमी पाण्याकडे, कारण सकाळी वारा तिकडून येई. प्रोफेसर स्टुलावर बसले. सहा काड्या विझल्या. सातवीने काटकीऐवजी बोट भाजलं. शेवटी चूल पेटली, ती अशी की धूर आत जायचा सोडून त्यांच्याच नाकात.

"इतकी पुस्तकं वाचलीस," ताई म्हणाली, "त्यातलं एखादं तरी जाळायला आणायचंस."

पाणी सोळा मिनिटांनी उकळलं. काटक्या एकतीस. प्रोफेसरांनी वहीत प्रामाणिकपणे तसं लिहिलं. ताईने सूप दोन चमचे घेतलं आणि वाटी सरकवली.

"दोरी कुठे टाकलीस?" तिने विचारलं.

दोरी कुठेच नव्हती. भाचीने गवत धुंडाळून ती काढली.

४

दुसऱ्या सकाळी पाणी एकोणीस काटक्यांत उकळलं.

प्रोफेसरांनी आकडा लिहिला आणि पेन्सिल तशीच धरून बसले. एकोणीस होऊ शकत नाही. ज्याच्या हाताला काल एकतीस लागल्या त्याच्या हाताला आज एकोणीस, हे म्हणजे पोहायला शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्र ओलांडणं. त्यांनी पाणी मोजून पाहिलं. लिटर म्हणजे लिटरच होतं. मोळी मात्र संपली होती. आदल्या दिवशी त्यांनी बावीस-बावीसच्या मोळ्या बांधून ठेवल्या होत्या, भाऊजी बांधायचे तशा. एकोणीस घातल्या, तर तीन उरायला हव्यात.

"बांधतानाच चुकलास," ताई म्हणाली. ती बटाटे सोलत होती. कुणी तिला सोलायला सांगितले नव्हते. "लहानपणी जिनासुद्धा मोजून उतरायचास आणि शेवटच्या पायरीला पडायचास."

हे खरं होतं. प्रोफेसरांना बरं वाटलं. आपण चुकलो हे उत्तर त्यांना नेहमीच पटत असे.

त्या दिवशी ताईने अर्धी वाटी भात आणि एक अंडं खाल्लं. भाची प्रत्येक घास मोजत होती आणि मोजत नसल्यासारखं दाखवत होती.

संध्याकाळी, अजून ऊन होतं, प्रोफेसरांनी नवी मोळी घेतली. तीन वेळा मोजली. बावीस. चूल पेटवली, सूप चढवलं, आणि मीठ आणायला केबिनमध्ये गेले. मिठाची पुडी पिशवीच्या तळाशी होती. ते वाकलेले असताना बाहेरून आवाज आला.

खर्र. टक.

ते तसेच वाकून राहिले. खोलीत शांतता होती. खिडकीच्या काचेवर एक माशी चालत होती, ही जिवंत होती.

खर्र. टक.

भाची असणार. लहानपणापासून वडिलांना पाहत आलेली; पद्धत हातात बसली असेल. त्यात काय एवढं. ते पुडी घेऊन दारात आले. भाची कपडे वाळत घालायच्या तारेपाशी होती, पन्नास पावलं लांब, तोंडात चिमटे. ताई पंपावर भांडी विसळत होती, पाठ करून. चुलीपाशी कुणी नव्हतं. जाळ मात्र छान चालला होता. निळसर, एकसारखा, धुराचा पत्ता नाही. तसा जाळ प्रोफेसरांना आयुष्यात कधी जमला नव्हता.

पाणी उकळलं तेव्हा त्यांनी घातलेल्या काटक्या अकरा होत्या. मोळी रिकामी होती.

"छान पेटवलीस हं," ताई म्हणाली. तिने चव घेतली, मग आणखी थोडं घेतलं, मग वाटी भरून. खाताना तिच्या कानशिलाजवळची शीर हलत होती. किती महिन्यांनी ती शीर हलताना दिसली. "चूल लागली हाताला तुझ्या. सत्तरी उलटल्यावर का होईना."

"मामा, तुमचं तोंड का असं झालंय?" भाचीने विचारलं.

"धूर गेला डोळ्यांत."

"धूर कुठाय?"

५

सूप संपल्यावर ताई पायरीवर बसून तळ्याकडे पाहत राहिली. गालांना रंग आला होता. मग सहज बोलावं तसं म्हणाली, "इथेच राहावंसं वाटतं बघ."

प्रोफेसरांनी वही मिटली.

तोवर त्यांनी फक्त काटक्यांचा विचार केला होता. आता ते भरवणाऱ्याचा विचार करू लागले. कुणी भरवत असेल, असं क्षणभर धरून चालू. मग का भरवत असेल? कोंबडीला दाणे टाकणाराही प्रेमाने टाकतो. एकतीस, एकोणीस, अकरा. म्हणजे कुणीतरी दर खेपेला थोडं जवळ सरकत होतं. आणि ताई घासाघासाने त्या बाजूला झुकत होती. इथेच राहावंसं वाटतं. इथे म्हणजे कुठे?

लगेच दुसरं मन म्हणालं, अरे शहाण्या, इतकी वर्षं शिकवलंस काय? तीन माणसं आहेत, एक चूल आहे. तिघांपैकी कुणीतरी काटक्या घालतंय. भाची तुझी नजर चुकवून घालत असेल, आईला बरं वाटावं म्हणून. ताई स्वतःच घालत असेल. किंवा तूच घालत असशील आणि विसरत असशील. चष्मा कपाळावर असताना घरभर शोधतोस तो तूच ना?

हे शेवटचं सगळ्यात पटण्यासारखं होतं. तरी त्यांनी ठरवलं. उद्या सकाळी नीट प्रयोग करायचा, एकेकाला वगळत जायचं. आणि कुणीच सापडलं नाही, तर खादाडाला उचलून तळ्यात टाकून द्यायचं, ताईला काय वाटेल ते वाटो. बहीण उपाशी राहिली तर हळूहळू जाईल. पण कुणी तिला भरवून भरवून नेणार असेल, तर ते त्यांना पाहवणार नव्हतं.

६

तिसऱ्या सकाळी त्यांनी भाचीला होडीवर पाठवलं.

"मला होडी वल्हवायची नाहीये, थंडी आहे."

"व्यायाम होतो."

"तुम्ही मला हाकलताय, मामा."

"हो."

ती हसत गेली. धुक्यात होडी दिसेनाशी झाली, मग बरीच आत पुन्हा दिसली, धुक्यावर ठेवल्यासारखी. एक वगळली.

ताईला त्यांनी चुलीच्या मागच्या बाजूला, गवतात घातलेल्या घोंगडीवर बसवलं आणि एका हातात डाव, दुसऱ्या हातात पातेल्याचं झाकण दिलं. "सोडू नकोस."

"का? कुणावर धावून जायचंय?"

दोन्ही हात अडकले. दुसरी वगळली.

उरले ते स्वतः. त्यासाठी त्यांनी वहीत बावीस चौकटी आखल्या होत्या. काटकी घातली की चौकट काळी करायची. मोळी स्टुलाच्या शेजारी ठेवली, दोरी सोडली, सवयीप्रमाणे कुठेतरी टाकली. चार काटक्या एकमेकींवर आडव्या रचून पेटवल्या आणि चार चौकटी काळ्या केल्या. पहिल्याच काडीला चूल पेटली. घड्याळ पाहिलं, आठला दोन मिनिटं कमी. मग जाळ धरला की नाही ते पाहायला खिडकीशी गेले. एकदा पाहायचं, परत स्टुलावर यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

परत आले की नाही, तेच आठवत नाही.

कारण ताईने मध्येच गोष्ट काढली. भाऊजींनी लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्यांच्या घराचं धुराडं दुरुस्त केलं, त्याची. धुराडं इतकं चोख झालं, की घरात शिरलेली वाऱ्याची झुळूक थेट वर गेली आणि जाताना सासऱ्यांचं वर्तमानपत्र घेऊन गेली. ही गोष्ट प्रोफेसरांनी शंभरदा ऐकली होती. तरी ते हसले, कारण ताई हसत होती, झाकणावर डाव आपटून, डोळ्यांतून पाणी येईतो. असं हसू आठ महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. ते तळ्यावरून गेलं आणि पलीकडच्या झाडांना लागून परत आलं.

आणि आठवणीत त्यांचा डोळा अभ्रकाशी आहे. आत चार काटक्यांचे निखारे झाले आहेत. मग, हसू चालू असतानाच, निखाऱ्यांवर एक काटकी येते. न जळलेली, सालीसकट. ती पडत नाही, टाकली जात नाही. ती सरकत येते, अंगठ्याएवढी येते आणि थांबते. टोकावरची साल सुटते, पेट घेते. मग पुन्हा अंगठ्याएवढी. खर्र. मग बाहेरून, चुलीच्या पलीकडून, पत्र्यावर हलकेच: टक.

काटकी त्यांच्या दिशेने येत होती.

त्यांनी मान वर केली नाही. चुलीपलीकडे पाहायला फक्त मान वर करायची होती, चार बोटं. आयुष्यभर दुसऱ्यांना पाहा म्हणून सांगितलं, आणि त्या वेळी मानेने ऐकलं नाही. त्यांनी फक्त ताईकडे पाहिलं. तिचं हसू आता ओसरून चेहऱ्यावर नुसतं पसरलं होतं. ती चुलीच्या वरून, पलीकडे पाहत होती, स्टुलाच्या उंचीवर. पातेल्यात पाणी खदखदू लागलं होतं.

"अहो, पुरे," ताई म्हणाली. "उतू जाईल."

ती धाकट्या भावाला कधी अहो म्हणाली नव्हती.

खर्र थांबलं.

७

सूप झालं. ताईने दोन वाट्या घेतल्या, पातेल्याच्या कडेला लागलेलं पावाने पुसून खाल्लं, आणि वाटी खाली ठेवून विचारलं, "किती लागल्या रे?"

वहीत चार चौकटी काळ्या होत्या. चार काटक्यांत लिटरभर पाणी कोमट होतं, उकळत नाही. मोळी रिकामी होती. प्रोफेसरांनी एकतीस वर्षांत एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. एका विद्यार्थ्याला त्यांनी अर्ध्या अंशासाठी घरी पाठवलं होतं. खरा आकडा सांगितला, की प्रश्न येणार. प्रश्न आला, की शोध येणार. आणि शोधत गेलं की हा दोन वाट्यांचा चमत्कार राहील की जाईल, कोण जाणे.

त्यांनी ताईकडे पाठ केली आणि उरलेल्या अठरा चौकटी एकामागून एक काळ्या केल्या.

"बावीस."

"बावीस," ताई समाधानाने म्हणाली. "बरोबर आहे. तुझ्या हाताला एकतीस लागतात."

ती थट्टा होती की काय होतं, हे त्यांनी विचारलं नाही. चूल तळ्यात टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. पण ताईनेच ती थंड झाल्यावर उचलली, राख झटकली, फडक्यात गुंडाळली आणि पिशवीत घातली, एखाद्या पोराचे हातपाय पुसून त्याला आत न्यावं तशी.

"चला," ती म्हणाली, "घरी जाऊ. दुपारच्या जेवणाला पोचायला हवं, मला भूक लागणार आहे."

प्रोफेसर जागच्या जागी उभे राहिले. मग एकदम त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी दोन पिशव्या एकदम उचलल्या आणि कंबर धरली.

"दोरी?" ताईने विचारलं.

त्यांनी गवत धुंडाळलं. दोरी मिळाली नाही. "शिकलेला माणूस," ताई म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली, पुढच्या सीटवर. भाचीने स्टूल कपाटामागे ठेवलं, दार लावलं.

पुढच्या वर्षांत ते तळ्यावर पुन्हा गेले नाहीत. कधी रस्ता खराब, कधी गुडघे. प्रयोग मात्र प्रोफेसरांनी अंगणात पुष्कळदा केला. त्यांच्या हाताला एकतीस लागत. एकदा अठ्ठावीस लागल्या, तेव्हा त्यांनी स्वतःला बक्षीस म्हणून बिस्कीट दिलं. आणि हळूहळू त्यांनी स्वतःची समजूत घातली: खिडकीशी एकदा पाहिलं, परत स्टुलावर गेलो, हसता हसता घालत राहिलो, मोजायला विसरलो. काटकी आपल्याकडे येताना दिसली, ती आठवण उलटी झाली असेल. म्हाताऱ्यांच्या आठवणी मोज्यांसारख्या उलट्या होतात. अहो म्हणणं ही जिभेची जुनी सवय. हे सगळं तोंडाशी बसलेल्या माणसाला जमण्यासारखं होतं.

८

सात वर्षांनी भाचीने घर बदललं. सामान आवरताना तिचा जुना फोन सापडला आणि चार्जिंगला लावल्यावर चक्क चालू झाला. त्यात त्या सकाळचे होडीवरून काढलेले फोटो होते. ते घेऊन ती मामांकडे आली. ताईही तिथेच होती, शहाऐंशी वर्षांची, अठ्ठावन्न किलोची, आणि स्वयंपाकघरातून ओरडून विचारत होती, "तुम्हाला किती वाढू? नंतर कमी पडलं तर मी देणार नाही."

"बघा ना मामा, किती हसताय दोघं," भाची म्हणाली. "आईला असं बघून मी वल्हं सोडून फोटोच काढत बसले होते."

चौदा फोटो. प्रत्येकावर वेळ होती, आठ वाजून एक मिनिटापासून आठ वाजून बारा मिनिटांपर्यंत. प्रोफेसरांनी चष्मा पुसला. बोटांनी चित्र मोठं कसं करायचं ते भाचीने दाखवलं. मग त्यांनी चौदाही फोटो ओळीने पाहिले, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिले.

चूल पाण्याकडे तोंड करून दगडावर होती. चौदाही फोटोंत ते दोघं चुलीच्या मागे होते. ताईच्या हातांत डाव आणि झाकण, त्यांच्या हातांत वही आणि घड्याळ. चुलीच्या तोंडाशी बुटकं स्टूल, चौदाही फोटोंत रिकामं.

पहिल्या फोटोत स्टुलाशेजारी काटक्यांचा ढीग होता आणि गवतात त्यांनी टाकलेली निळी दोरी. शेवटच्या फोटोत ढीग नव्हता. दोरी स्टुलाच्या पायाला गुंडाळलेली होती, चार वेढे, वर गाठ.